कॅमेऱ्यासाठी दिलेलं पाणी

माझा धंदा काय आहे हे पांढुर्ण्यात अजून कोणाला धड पटलेलं नाही. मी लोकांच्या सभा भरवते, पण सतरंज्या अंथरत नाही, चहा सांगत नाही की माइकवाल्याशी भांडत नाही. घराच्या पुढच्या खोलीत बसून कंपन्यांच्या ऑनलाइन सभा चालवते. दाराशी थांबलेल्यांना आत घ्यायचं, ज्याच्या घरी कुत्रं भुंकतंय त्याचा आवाज बंद करायचा, बोलता बोलता कोणी अडकला की त्याच्या जागी दुसऱ्याला पुढे करायचं, हे माझं काम. आधी नागपूरला हॉलमधले कार्यक्रम करायची. लॉकडाउनमध्ये हॉल बंद पडले, कार्यक्रम पडद्यावर आले आणि मी सासरी, पांढुर्ण्यात बसून तेच करू लागले. सासूबाई शेजारणींना सांगतात, "सून फोनवर बोलाचं काम करते." मी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे.

माझा धाकटा भाऊ पुण्याला चांगल्या नोकरीत होता. आई गेली तेव्हा तो आला, दिवसकार्य झालं, आणि परत गेला तो फक्त सामान आणायला. रामाकोन्याजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे. बाबा तिथेच, शेतातल्या घरात राहतात. त्यांना एकटं टाकून आपलं पुण्यात मन लागणार नाही, असं तो काही म्हणाला नाही. तो म्हणाला, "ताई, मले इथी धंदा करायचा आहे." आमच्या घरात मनातलं सरळ बोलायची रीतच नाही. जे बोलायचं ते कामाच्या आडून.

बाबांनीही "राह्य" असं म्हटलं नाही. त्यांनी शेतातल्या घराच्या एका खोलीला चुना मारून घेतला, लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर आणला, आणि कोणी न सांगता संडासात कमोड बसवला. अख्ख्या गावात त्या कमोडची चर्चा झाली. बाबा म्हणाले, "माह्ये गुडघे दुखतेत." बाबांचे गुडघे माझ्यापेक्षा धड आहेत.

भावाच्या डोक्यात बोरगावला एक कारखाना होता. मोठं, चकचकीत संत्रं व्यापारी उचलून नेतो. बारीक आणि डागी मालाला कोणी विचारत नाही. तो माल रस्त्याच्या कडेला ओतलेला तुम्ही पाहिला नसेल तर आमच्याकडे हंगामात या, वासाने डोकं दुखेल. त्या मालाचा रस आणि गर काढायचा, असा त्याचा बेत होता. आसपासचे काही बगीचेवाले सोबत यायला तयार होते, शेडची जागाही पाहून ठेवली होती. राहिलं होतं ते भांडवल. बँक म्हणत होती की आधी तुमचे भागीदार उभे करा, मग आमच्याकडे या. पुण्याच्या साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं की मार्चपर्यंत तुझी जागा राखतो. म्हणजे मार्चपर्यंत गुंतवणूकदार मिळाले तर भाऊ राहणार, नाही मिळाले तर जाणार. एवढं सरळ गणित होतं, आणि ते घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

"तू साऱ्या दुनियेच्या मीटिंगा घेऊन राहिली," तो मला म्हणाला, "आपली बी एक घेऊन दे ना."

पैसे मागायच्या बाबतीत आम्ही ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं. पण दुसऱ्यांसाठी ताक मागून मागून माझा हात सरावला होता. मी कंबर कसली. आधी एक छोटी सभा आपल्याच माणसांची घ्यायची, मग खरी मोठी. आपली माणसं म्हणजे सौंसर-पांढुर्ण्याहून शिकून बाहेर गेलेली पोरं, जी आता पोरं राहिलेली नाहीत. कोणी बंगलोरला, कोणी दुबईला, काही अमेरिकेत. त्यांच्यात एक सौंसरचे गृहस्थ होते. तिकडे त्यांचं मोठं बस्तान होतं आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून हो-नाही करायचे. रविवार सकाळ धरली, म्हणजे त्यांची शनिवार रात्र. भाऊ माझ्या खोलीत बसून बोलणार, आणि मध्येच बाबा बगीच्यातून फोनवर झाडं दाखवणार, हे मी ठरवलं. नुसते आकडे आणि चित्रं बघून माणूस जांभया देतो; पानं हलताना दिसली की सरसावून बसतो. हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

बाबांना शिकवायला मी दोन-चार वेळा रामाकोन्याला गेले. फोन आडवा धरायचा. सूर्य आपल्या पाठीशी ठेवायचा, झाडाच्या पाठीशी नाही. चालताना बोलायचं नाही, थांबून बोलायचं. फोन हातात थरथरतो म्हणून बाबांनी फळांनी वाकलेल्या फांदीला टेकू द्यायचा बांबू घेतला आणि त्याच्या शेंड्याला सुतळीने फोन बांधला. फोनचं तोंड झाडाकडे, बाबा मागे. त्यांना पडदा दिसायचा नाही, म्हणून दर थोड्या वेळाने ते विचारायचे, "आवाज येऊन राहिला का?" मी म्हणायचे, "येतो बाबा." ते खूश व्हायचे. त्या दिवसांत मी त्यांना आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसताना पाहिलं आणि मलाही फार बरं वाटलं.

छोटी सभा डिसेंबरात झाली. पहिलाच प्रश्न बंगलोरहून आला: "काय, अजून दगड मारता का एकमेकांना?" पांढुर्ण्याचं नाव काढलं की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमारच आठवते, इथला कापूस, इथलं संत्रं कोणाला आठवत नाही. मी दात दाखवले आणि पुढे गेले. भावाने छान मांडणी केली. तो आमच्याशी बोलतो आमच्या बोलीत, भोपाळच्या सरकारी साहेबांशी हिंदीत, आणि त्या दिवशी इंग्रजीत असा बोलला की हे ऐकायला आई हवी होती असं वाटलं. मग आम्ही बगीच्यात गेलो, म्हणजे बाबांचा फोन पडद्यावर घेतला.

झाडं ताणावर होती. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं, पण बाहेरच्यांसाठी सांगते. पावसाळा गेला की थंडीत संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. बघणाऱ्याला मोटर चालू करावीशी वाटते, पण विहिरीत पाणी असून द्यायचं नसतं. जानेवारी अर्धा सरला की पहिलं पाणी सोडायचं, आणि मग सगळा बगीचा एकदम फुलतो. त्याला आंबिया बहार म्हणतात. मधेच ताण तोडला तर झाडाला फुलं येत नाहीत, नुसता पाला येतो आणि वर्षाचं पीक जातं.

सौंसरच्या त्या गृहस्थांनी लिहून प्रश्न पाठवला. आलेले प्रश्न मोठ्याने वाचणं हे माझं काम, आणि बाबा ऐकत होते म्हणून मी तो मराठीत वाचला: "झाडं मेली आहेत का? की काही रोग आहे?" भावाने ताणाचं सगळं समजावलं. गृहस्थ म्हणाले, "हो हो, आता आठवलं. पण दिसायला बरं नाही दिसत. मोठ्या सभेत बाकीच्यांना दाखवाल तेव्हा जरा हिरवंगार काही दाखवा." गावाहून जाऊन जन्म लोटला, पण उंटावरून शेळ्या हाकायची हौस कोणाची सुटली आहे! माझ्या पडद्यावर बाबांचा फोन हळूहळू खाली कलला. झाडाचं भेगाळलेलं आळं दिसलं, मग बाबांच्या चपला. मी घाईने भावाचं चित्र पुढे घेतलं आणि सभा पुढे नेली.

मोठी सभा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात होती, म्हणजे पाणी सोडायच्या आधीच. मधल्या काळात भाऊ कागदपत्रांसाठी भोपाळला आणि छिंदवाड्याला खेटे घालत होता, घरी टेकतच नव्हता. मी आमंत्रणं, आठवणीचे निरोप, कोणामागून कोण बोलणार, कोणाचं नेट गेलं तर काय, यात गुंतले होते. संध्याकाळी बाबांना फोन करायचे. ते विचारायचे, "बाई, त्या दिवशी किती लोक पाहतीन?" मी सांगायचे की बरेच. "आन् तो सौंसरवाला?" तोही. एकदा त्यांच्या मागे मोटरचा आवाज येत होता. मी विचारलं तर म्हणाले, "गव्हाले पानी देऊन राहिलो." आमच्याकडे थोडा गहू असतोच, आणि थंडीत गव्हाला पाणी लागतंच. मी पुढचं बोलू लागले.

त्या रविवारी आमच्या घरात युद्धाची तयारी होती. मिक्सर बंद, कुकर बंद, दाराच्या कडीला फडकं गुंडाळलेलं. सासूबाईंनी पूजेत घंटी वाजवली नाही, मुठीत धरून नुसती हलवली. एका गोष्टीवर मात्र कोणाचा इलाज नव्हता. आमचं घर रुळांपासून फार लांब नाही आणि नागपूर-इटारसी लाइनवरची मालगाडी कोणाला विचारून येत नाही. गाडी आली की मी आवाज बंद करायचा आणि भावाने पाणी प्यायचं, असं आम्ही ठरवलं होतं. लोक आले, अपेक्षेहून जास्त आले. मी एकेकाला आत घेत होते आणि माझ्या हातांना घाम फुटला होता. परक्यांच्या सभेत असं कधी झालं नव्हतं.

भाऊ रंगात आला होता. "आता आपण प्रत्यक्ष बगीच्यात जाऊ," तो म्हणाला आणि मी बाबांना पुढे घेतलं.

पडदा हिरवागार झाला. सकाळच्या उन्हात पानं चमकत होती, पोपटी, कोवळी, एकेक फांदी न्हायल्यासारखी. "आवाज येऊन राहिला का?" बाबांनी विचारलं. लोकांच्या टाळ्यांची चित्रं सरसर वर येऊ लागली. वा, सुंदर, काय बगीचा आहे. कोणी लिहिलं की गावची आठवण आली. भाऊ बगीच्याबद्दल बोलत होता आणि बोलता बोलता थांबला. तोंड अर्धं उघडं, नजर एका जागी. नेट अडकलं असं समजून मी दुसरी लाइन चालू करायला हात पुढे केला. मग माझ्या लक्षात आलं की तो माझ्या शेजारीच बसला आहे आणि नेट ठीक आहे.

तो सावरला. पाणी प्यायला, मालगाडी नसताना. पुढे सगळं नीट बोलला. शेवटी सौंसरचे गृहस्थ म्हणाले की मला पटलंय, मी पुढाकार घेतो, फेब्रुवारीत बहार आला की फुलं दाखवा आणि तिथल्या तिथे पक्कं करू. बाकीचे म्हणाले की ते असतील तर आम्हीही आहोत. मी सभा बंद केली आणि खुर्चीतच नाचले. भाऊ बसून होता.

"ताई, झाडं पाह्यली तू?"

"हाव. काय मस्त दिसून राहिली होती!"

"नवती फुटली त्याईले."

नवती म्हणजे नवी पालवी. शेतकऱ्याची मुलगी असून मला ते पडद्यावर कळलं नव्हतं. मी फक्त उजेड बघत होते. आम्ही गाडी काढली आणि रामाकोन्याला गेलो.

बाबा पांढरा सदरा घालून अंगणात उभे होते. त्यांनी सौंसरहून जिलेबी आणवून ठेवली होती. भाऊ सरळ पहिल्या झाडाशी गेला, वाकला आणि आळ्यात हात घातला. हाताला ओली माती लागली.

"कधी देल्लं पानी?"

"तू भोपाळले गेल्ता तवा."

"काऊन, बाबा?"

बाबा जिलेबीचा पुडा हातात धरून उभे होते. "मेल्या झाडावर कोन पैसा लावते, बाबू? एक बहार जाईन. गेला तर गेला. झाडं तं राहतेत ना." मग म्हणाले, "आन् तू राहशीन."

जे आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही ते त्यांनी बोलून टाकलं. मला वाटलं की आता भाऊ त्यांना मिठी मारेल, रडेल, काहीतरी करेल. त्याने विहिरीवर जाऊन हात धुतले, पुड्यातली एक जिलेबी घेतली आणि उभ्या उभ्या खाल्ली. मला त्या दोघांचाही राग आला. माणसं इतकी एकमेकांसाठी मरतात आणि एकमेकांना हात लावत नाहीत.

फेब्रुवारीत शेजारचा बगीचा फुलला. धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, त्या फुलांचा वास आमच्याकडे यायचा. आमच्या झाडांवर इकडे एक फूल, तिकडे एक फूल, बाकी पालाच पाला. बाबा रोज सकाळी फांद्या वर करून पाहत. सभेची तारीख जवळ आली तेव्हा त्यांनी उपाय काढला. "मी धुऱ्यापलीकडे उभा राहतो. त्याईले काय समजते कोनाचं झाड हाय?"

मी बाबांच्या बाजूची होते, आजही आहे. मी इतक्या कंपन्यांच्या सभा चालवल्या आहेत की लोक कॅमेऱ्यापुढे काय काय उभं करतात ते मला कोणी सांगायला नको. आणि ही तर काही लबाडीही नव्हती. शेजारी सोबत यायला तयार होता, त्याचं संत्रंही त्याच कारखान्यात येणार होतं. पण भाऊ म्हणाला, "नाही ताई. एकदा हिरवं दाखोलं, तेच लय झालं." तो बाबांना काही म्हणाला नाही, मला म्हणाला.

फेब्रुवारीची सभा छोटी होती, फक्त पैसे लावणारे. मी एकेकाला आत घेतलं. त्यात बाबाही आले. नेहमीच्या सवयीने मी त्यांनाही लिंक पाठवली होती, आणि त्यांनी नेहमीच्या सवयीने फोन बांबूला बांधला होता. कोपऱ्यातल्या चौकोनात आमची पालेदार झाडं हलताना दिसत होती. भावाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो समोर कॅमेऱ्यात बघत होता, मीच त्याला तसं शिकवलं होतं. त्याने सगळं खरं सांगितलं. म्हणाला की मागच्या वेळी तुम्ही पाहिलेली हिरवाई खोटी होती, ती कॅमेऱ्यासाठी पाणी देऊन आणली होती, आणि त्यामुळे यंदा आमच्या बगीच्यात बहार नाही. तो इंग्रजीत बोलत होता. त्यात तो "आम्ही" म्हणाला असता तरी चाललं असतं. तो म्हणाला, "माय फादर डिड इट."

बाबांना इंग्रजी येत नाही. पण "फादर" एवढं येतं, आणि पोराचा आवाज कसा आहे हे कळायला भाषा लागत नाही. कोपऱ्यातल्या चौकोनात झाडं दिसत होती ती तिरपी झाली, मग आभाळ दिसलं, मग तो चौकोनच गेला. मी नुसती बघत राहिले. मला त्या क्षणी भावाच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं, कारण बोलून झाल्यावर तो टेबलाखाली हातातला कागद बारीक बारीक फाडत होता.

सौंसरचे गृहस्थ फार चांगलं बोलले. म्हणाले, "तुमच्या प्रामाणिकपणाचा आदर वाटतो. पुढच्या हंगामात जरूर बघू." माझ्या धंद्यात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. एकेक जण शुभेच्छा देऊन बाहेर पडला. शेवटी पडद्यावर आम्ही दोघं बहीणभाऊच उरलो, एकाच खोलीत बसलेले.

मार्चमध्ये भाऊ गेला. पांढुर्णा स्टेशनवर बाबा पिशवीभर संत्री घेऊन आले. बाजारातून आणलेली होती. बाबांनी संत्रं विकत घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. गाडीची वेळ झाली तेव्हा ते पाण्याची बाटली आणायला गेले आणि भावाने मला हळूच विचारलं, "ताई, त्या दिवशी बाबा होते का मीटिंगमधी?"

खोटं बोलायला हवं होतं असं पुष्कळजण म्हणतील. मी म्हटलं, "होते."

गाडी आली. त्याने वाकून बाबांच्या पायांना हात लावला, तो नेहमीपेक्षा जास्त वेळ तसाच वाकून राहिला, आणि मग गर्दीत आत गेला. खिडकीशी आला नाही. बाबा गाडीबरोबर थोडे चालले आणि थांबले. "बरं झालं," ते म्हणाले, "पुण्यात कमोड तं असतेच." मी हसले आणि मग मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं, आणि स्वतः रिकाम्या रुळांकडे बघत उभे राहिले.

भाऊ पैसे पाठवतो, फोन करतो. पण तोंड दाखवत नाही. कॅमेरा चालू कर म्हटलं की त्याचं नेट बरोबर नसतं. पुण्यात! मी त्याला काही बोलत नाही. बापाला परक्यांसमोर उभं केल्याची लाज त्याला वाटते, आणि पोराला घालवल्याची लाज बाबांना वाटते, आणि दोघांना एकमेकांचं कळतं आहे, तरी त्यांच्यात बोलणं होतं ते पावसाचं आणि गुडघ्यांचं.

यंदा डिसेंबरात बाबांनी ताण दिला. असा दिला की शेजारीसुद्धा म्हणाला, आता पुरे. झाडांकडे बघवत नव्हतं. बाबा मला फोनवर सांगत, "थेंब नाई देल्ला, बाई. त्याले सांगजो." मी सांगायचे. भाऊ म्हणायचा, "हं." वेळ झाली तसं त्यांनी पाणी सोडलं, आणि फेब्रुवारीत बगीचा फुलला. गेल्या कित्येक वर्षांत असा फुलला नव्हता. पान दिसत नव्हतं.

मग बाबांचा फोन आला. "बाई, मीटिंग घेऊन दे ना एक. रविवारी. तो म्हने होता ना, फुलं दाखवा म्हनून. त्या सौंसरवाल्याले बोलाव. साऱ्याईलेच बोलाव. आन् बाबूले."

मी त्यांना सांगू शकले असते की ती माणसं आता कुठल्या कुठे गेली, कोणाला काही आठवत नसेल. मी म्हटलं, "बोलावते." आणि खरंच बोलावलं. इतर कोणत्याही सभेसारखं रीतसर आमंत्रण पाठवलं, आदल्या दिवशी आठवणीचा निरोप पाठवला. सौंसरच्या गृहस्थांकडून उत्तर आलं नाही. बाकीच्यांकडूनही नाही. भावाने लिहिलं, "बघतो ताई."

रविवारी सासूबाईंनी न सांगता घंटी मुठीत धरली. मी वेळेआधी बसले. वेळेवर एकच जण दाराशी आला, बाबा. मी त्यांना आत घेतलं. पडदा पांढरा झाला, सगळा फुलांनी. फोन बांबूला बांधलेला, तोंड झाडांकडे, बाबा मागे. त्यांना पडदा दिसत नव्हता. मी थांबले. दाराशी आणखी कोणी येतंय का ते पाहत राहिले. कोणी आलं नाही. भावाला फोन लावला, त्याने उचलला नाही.

"आवाज येऊन राहिला का?" बाबांनी विचारलं.

"येतो, बाबा."

"आले का सारे? तो सौंसरवाला आला? बाबू आला?"

तेवढ्यात मालगाडी आली. मी माझा आवाज बंद केला. गाडी लांब होती, डबे संपत नव्हते, आणि ती होती तोवर मी तोंडावर हात ठेवून बसले. पडद्यावर फुलं हलत होती आणि बाबा मागे उत्तराची वाट पाहत होते. गाडी गेली. मी डोळे पुसले, आवाज चालू केला.

"हो बाबा," मी म्हटलं, "आले सगळे. दाखवा तुम्ही."

बाबा खाकरले. "नमस्कार," ते म्हणाले, आणि पहिल्या झाडापासून दाखवू लागले.